छोट्या ट्रकच्या शॉकपमध्ये कोणते तेल?

अकरावीतला एक विद्यार्थी मे महिन्यात आमच्याकडे आला तो एक मोडका ट्रक घेऊन. ट्रक म्हणजे खऱ्या गाडीच्या सुमारे एक-दशांश आकाराचा, रेडिओ-नियंत्रणावर पळणारा. वर्षभर पैसे साठवून त्याने तो घेतला होता. जानेवारीत, गड्ड्याची यात्रा उठल्यावर, होम मैदानावर तो ट्रक खडे-ढेकळांवरून छान पळत असे. आता तोच ट्रक त्याच मैदानावर चेंडूसारखा उड्या मारू लागला आणि एका वळणावर उलटून पुढच्या चाकाचा दांडा मोडला. "सर, ट्रकमध्ये काहीच बदललं नाही. तेलही तेच आहे," तो म्हणाला. तेल तेच होते, पण हवामान तेच नव्हते. आमचा शोध तिथून सुरू झाला.

आधी हे तेल काय काम करते ते पाहू. चाकाजवळच्या स्प्रिंगला आपण धक्के शोषणारी समजतो. प्रत्यक्षात ती धक्का साठवून ठेवते आणि लगेच परत करते. नुसत्या स्प्रिंगवर गाडी ठेवली तर एका खड्ड्यानंतर ती कितीतरी वेळ वरखाली होत राहील. ही ऊर्जा खर्चून टाकण्याचे काम स्प्रिंगच्या आतली नळी करते. मेकॅनिक मंडळी ज्याला 'शॉकप' म्हणतात तो हाच. नळीत तेल असते आणि तेलात बारीक भोके पाडलेला पिस्टन. पिस्टन सरकला की तेलाला भोकांतून वाट काढावी लागते, त्यात घर्षण होते आणि धक्क्याची ऊर्जा उष्णतेत बदलते. म्हणून खडबडीत रस्त्यावरून आलेल्या मोटारसायकलचे शॉकप हाताला कोमट लागतात.

तेल फार पातळ असेल तर गाडी डोलत राहते. फार घट्ट असेल तर चाक खड्ड्यात वेळेवर उतरत नाही, उंचवट्यावर वेळेवर चढत नाही आणि स्प्रिंग जणू नाहीच असे होते. योग्य तेल या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते. हे 'कुठेतरी' गणिताने काढता येते, आणि बारावीच्या वर्गाला हे उदाहरण जरूर द्यावे.

ट्रकचे वजन २ किलो धरू. म्हणजे प्रत्येक चाकावर अर्धा किलो. या वजनाने स्प्रिंग १ सेंटिमीटर दबते असे समजा. मग स्प्रिंगचा स्थिरांक येतो मीटरला ४९० न्यूटन. ट्रक सेकंदाला सुमारे ५ वेळा डोलतो. (खऱ्या मोटारीत हा आकडा एक-सव्वाच्या आसपास असतो. म्हणून छोट्या ट्रकची उडी डोळ्यांना नीट दिसत नाही, मोबाइलवर चित्रीकरण करून संथ गतीने पाहावी लागते.) डोलणे अजिबात होऊ नये यासाठी लागणारा अवरोध म्हणजे वस्तुमान व स्प्रिंगचा स्थिरांक यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाची दुप्पट. इथे तो सुमारे ३१ येतो. प्रत्यक्षात याच्या अर्धा ते दोन-तृतीयांश अवरोध ठेवतात. चाक चपळ राहते आणि गाडी जेमतेम एकदा किंचित डोलून थांबते. वर्गमुळाची एक गंमत मुलांच्या लक्षात आणून द्यावी. जड बॅटरी टाकून वजन २० टक्के वाढवले, तर अवरोधाची गरज १० टक्क्यांच्याही आतच वाढते. बॅटरी बदलली म्हणून लगेच तेल बदलायला धावण्याचे कारण नाही.

आता मे महिन्याच्या कोड्याकडे वळू. त्या मुलाने आधी गल्लीतल्या गॅरेजमधून मोटारसायकलच्या फोर्कचे तेल आणून भरले होते. त्याने नळीतली रबरी वॉशर फुगली आणि पिस्टन अडकू लागला. खनिज तेलाने अनेक जातींचे रबर फुगते. मग कोणीतरी सांगितले म्हणून त्याने एरंडेल भरले. सल्ला अगदीच वेडगळ नव्हता. रबराला त्रास देत नाही म्हणून एरंडेल एके काळी मोटारींच्या ब्रेकच्या तेलातही वापरत. जानेवारीत काम झकास झाले. पण एरंडेलाची विष्यंदिता १० अंश सेल्सिअसला सुमारे २४ पॉइज, २० अंशांना १० पॉइज, ३० अंशांना साडेचार आणि ४० अंशांना जेमतेम २.३ पॉइज असते. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि उन्हात पडलेली काळी नळी त्याहूनही तापते. जानेवारीतल्या तेलाचा जवळजवळ सगळा दाटपणा उन्हाने खाऊन टाकला होता!

वर्गात हे दाखवायला ट्रकची गरज नाही. दोन रुंद काचेच्या भांड्यांत २० सेंटिमीटर उंचीपर्यंत एरंडेल घ्या. एक भांडे गार पाण्यात ठेवून २० अंशांवर आणा, दुसरे उन्हात ठेवून ४० अंशांवर. दोन्हींत ३ मिलिमीटर व्यासाचा पोलादी छर्रा सोडा. स्टोक्सने १८५१ साली मांडलेल्या नियमानुसार हिशेब केला, तर गार तेलात छर्ऱ्याला तळाशी पोचायला सहा-सात सेकंद लागतील, ऊन तेलात दीडच्या आसपास. घड्याळ नसले तरी फरक कळतो.

छोट्या गाड्यांसाठी सिलिकॉन तेल वापरतात त्याचे कारण हेच. २० वरून ४० अंशांवर गेल्यावर एरंडेलाची विष्यंदिता पावपटीच्याही खाली येते, तर सिलिकॉन तेलाची सुमारे दोन-तृतीयांश उरते. बाटलीवर '३० वेट', '४० वेट' असे आकडे असतात. त्यांवर विसंबू नये, कारण एका कंपनीचे ३० हे दुसरीच्या ३० इतकेच असेल असे नाही. शेजारी सेंटिस्टोकमध्ये आकडा दिला असेल तर तोच पाहावा. ३५०च्या आसपासचे तेल सुरुवातीला ठीक असते. खडबडीत जमिनीवर त्याहून थोडे पातळ, उंच उड्या मारायच्या असतील तर थोडे घट्ट.

तेलाने सगळेच साधत नाही. ट्रक उंचावरून आदळतो तेव्हा भोकांतून तेल भोवरे करीत उसळते. त्या क्षणी दाटपणापेक्षा भोकांचा आकार जास्त महत्त्वाचा ठरतो. म्हणून उडीत ट्रकचे पोट जमिनीला लागत असेल, तर आणखी घट्ट तेलाच्या मागे न लागता लहान भोकांचा पिस्टन लावून पाहावा.

भरताना घाई नको. नळी उभी धरून तेल भरावे, पिस्टन हळूहळू वरखाली करावा आणि बुडबुडे वर येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटे थांबावे. हवा दाबली जाते, तेल नाही. चारांपैकी एका नळीत बुडबुडा राहिला तर ट्रक एका बाजूला झुकून पळतो. आमच्याकडून पहिल्या खेपेला नेमके हेच झाले. मग ट्रक फूटभर उंचीवरून फरशीवर सोडावा. तो दबून एकदाच वर येऊन थांबला की तेल जमले.

शाळेत दुचाकीवर येणाऱ्या शिक्षकांनीही या निमित्ताने आपल्या गाडीचा पुढचा ब्रेक दाबून हँडलवर जोर देऊन पाहावे. गाडी दोन-तीनदा डोलली, किंवा फोर्कच्या चकचकीत नळीवर तेलाचा ओघळ दिसला, तर ऑइल सील गेले आहे. अशा गाडीचे चाक खड्ड्यानंतर क्षणभर रस्ता सोडते, आणि त्या क्षणी ब्रेक कितीही दाबला तरी रस्त्यावर त्याचा उपयोग शून्य.

त्या मुलाने दांडा बदलला, पुढे ३५० आणि मागे ४०० सेंटिस्टोकचे तेल भरले. आता तो वहीत प्रत्येक फेरीपुढे तेलाच्या आकड्याबरोबर हवेचे तापमानही लिहितो.