कौतुक फक्त पहिल्या पाच मुलांचेच का?

दहावी-बारावीचे निकाल लागले की शाळेच्या फाटकावर, चौकाचौकात मोठमोठे फ्लेक्स झळकतात. पहिल्या पाच मुलांचे फोटो, त्याखाली टक्के आणि अभिनंदनाच्या ओळी. त्या मुलांनी मेहनत केली आहे, तेव्हा कौतुक व्हायलाच हवे. पण त्याच फाटकातून शेकडो इतर मुले रोज आत जातात. कुणी ४५ टक्क्यांवरून ६० वर आलेले असते, कुणी आजारी आईची काळजी घेत परीक्षा दिलेली असते, तर कुणी स्टेजवर बोलायची भीती घालवलेली असते. त्यांचा फ्लेक्स कधीच लागत नाही. मग मुलांच्या मनात हळूहळू एक हिशेब पक्का होतो, ‘गुण आहेत तर मी आहे, नाहीतर मी कुणीच नाही.’

मुलांचे मानसिक आरोग्य आणि त्यांच्या यशाचे कौतुक या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या मानतो. ताण आला की समुपदेशक, यश आले की सत्कार. खरे तर आपण कौतुक कुणाचे आणि कशासाठी करतो, यावरच मुलांच्या मनावरचा ताण बराचसा अवलंबून असतो.

आकडे काय सांगतात?

एनसीईआरटीने २०२२ च्या सुरुवातीला देशभरातल्या सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ८० हजार विद्यार्थ्यांचे सर्वेक्षण केले. त्यातल्या ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे आपल्या चिंतेचे कारण असल्याचे सांगितले. मुले माध्यमिक वर्गात गेली की त्यांचे शाळेतले आणि स्वतःच्या आयुष्यातले समाधान कमी होत जाते, हेही त्यातून दिसले.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. राज्यांमध्ये सर्वात मोठा आकडा महाराष्ट्राचा होता, १,७६४. अशा घटनेमागे एकच कारण कधीच नसते, पण त्याच वर्षी २,२४८ आत्महत्यांच्या नोंदीत परीक्षेतले अपयश हे कारण लिहिले गेले आहे.

सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश

विशाखापट्टणम येथे नीटची तयारी करणाऱ्या एका १७ वर्षीय मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या वडिलांनी न्यायालयात धाव घेतली होती. २५ जुलै २०२५ रोजी त्या प्रकरणात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या शाळा, कॉलेज, कोचिंग क्लास आणि वसतिगृहांसाठी १५ निर्देश दिले. पालकांना माहीत असायला हवेत असे काही पुढीलप्रमाणे :

● १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांची मदत घेण्याची व्यवस्था करावी.

● गुणांनुसार मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडणे, चारचौघांत अपमान करणे, कुवतीपेक्षा मोठे लक्ष्य लादणे टाळावे.

● शिक्षकांना आणि इतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक आरोग्याविषयी प्रशिक्षण द्यावे. पालकांसाठीही नियमित कार्यक्रम घ्यावेत.

● खेळ, कला आणि व्यक्तिमत्त्व विकासाला प्राधान्य द्यावे, म्हणजे मुलांची ओळख गुणांपुरती राहणार नाही.

● अंमलबजावणीवर लक्ष ठेवायला प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असावी.

म्हणजे हा विषय आता एखाद्या संवेदनशील मुख्याध्यापिकेच्या इच्छेवर सोडलेला नाही. तुमच्या मुलाच्या शाळेत समुपदेशक आहे का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पद्धत बदलता येते

काही ठिकाणी बदलाला सुरुवातही झाली आहे. तामिळनाडूने २०१७ मध्ये दहावी-बारावीच्या निकालात राज्यातले पहिले-दुसरे क्रमांक जाहीर करणे बंद केले. सीबीएसईने २०२० मध्ये निकालातला ‘नापास’ हा शब्द काढून टाकला. दिल्लीच्या सरकारी शाळांमध्ये जुलै २०१८ पासून नर्सरी ते आठवीच्या मुलांसाठी ‘हॅपीनेस’चा रोजचा तास सुरू झाला. त्यात शांत बसणे, गोष्टी आणि गप्पा होत्या, परीक्षा मात्र नव्हती. महाराष्ट्रानेही २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला.

शाळांना मोठ्या खर्चाशिवायही बरेच काही करता येईल. स्नेहसंमेलनात टक्केवारीच्या बक्षिसांसोबत सर्वाधिक प्रगती करणारा, वर्गमित्राला अभ्यासात मदत करणारी, वाचनालयातली सर्वात जास्त पुस्तके वाचणारा, हरल्यावरही पुन्हा मैदानात उतरणारी अशा मुलांचाही सत्कार व्हावा. वर्षभरात प्रत्येक मुलाचे नाव एकदा तरी चांगल्या कारणासाठी प्रार्थनेच्या वेळी घेतले जावे. मात्र हे खोटे कौतुक नसावे. मुलांना ते लगेच कळते. प्रत्येक मुलाने खरोखर काय केले, हे शिक्षकांनी पाहिलेले असावे.

‘हुशार’ या शब्दाचे ओझे

कौतुकाचे शब्दही महत्त्वाचे असतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. कोडी सोडवल्यावर काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ असे सांगण्यात आले, तर काहींना ‘तू छान मेहनत केलीस’ असे. नंतर सर्वांना अवघड कोडी दिली, त्यात सगळेच अडखळले. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखी सोपी कोडी दिली तेव्हा ‘हुशार’ म्हटलेल्या मुलांची कामगिरी आधीपेक्षा घसरली, मेहनतीचे कौतुक झालेल्या मुलांची मात्र सुधारली. शिवाय आपले गुण दुसऱ्या मुलांना कळवायला सांगितल्यावर ‘हुशार’ गटातल्या जवळपास ४० टक्के मुलांनी ते वाढवून सांगितले.

फ्लेक्सवरच्या मुलांनाही ताण असतो, तो याच कारणाने. एकदा ‘टॉपर’ म्हणून ओळख झाली की पुढच्या परीक्षेत दोन टक्के कमी पडणेही त्यांना अपमानासारखे वाटते. म्हणून कौतुक मुलाच्या शिक्क्याचे न करता त्याने केलेल्या कामाचे करा. ‘हुशारच आहे माझा बाळ’ यापेक्षा ‘भूमितीची भीती वाटत होती, तरी रोज दोन प्रमेये सोडवलीस’ हे वाक्य त्याच्या जास्त उपयोगाचे आहे.

घरात काय कराल?

● निकालाच्या दिवशी मुलाला जवळ घ्या, मग गुणपत्रिका पाहा. हा क्रम उलटा होऊ देऊ नका.

● ‘काकूंच्या मुलीला किती पडले?’ हा प्रश्न घरात नकोच. फॅमिली ग्रुपवर टक्के टाकण्याआधी मुलाची परवानगी घ्या.

● नातेवाइकांनी सर्वांसमोर टक्के विचारले तर मुलाच्या आधी तुम्ही उत्तर द्या, ‘यंदा त्याने खूप मेहनत घेतली, आम्ही खूश आहोत.’

● अभ्यासाव्यतिरिक्त त्याला जे जमते, त्याचीही जेवताना चर्चा होऊ द्या.

मदत कधी घ्यावी?

झोप किंवा भूक बदलणे, आवडत्या गोष्टीत रस न राहणे, मित्रांना टाळणे, सतत चिडचिड किंवा रडणे, सकाळी शाळेच्या वेळी वारंवार पोट-डोके दुखणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून जास्त दिसली तर ‘नाटकं करतोय’ म्हणून दुर्लक्ष करू नका. शाळेच्या समुपदेशकांशी किंवा डॉक्टरांशी बोला. ‘माझा काही उपयोग नाही’, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे मूल बोलले तर एक दिवसही थांबू नका. त्याला एकटे सोडू नका, शांतपणे ऐका आणि मरणाचे विचार मनात येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने असे विचार वाढत नाहीत, उलट मुलाला मोकळे व्हायला वाट मिळते. केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येते. मुलांसाठी १०९८ हा क्रमांकही आहे.

पुढच्या पालकसभेत आपल्या मुलाचे गुण विचारून लगेच उठू नका. आणखी दोन प्रश्न विचारा. शाळेत समुपदेशक कोणत्या दिवशी येतात? आणि यंदाच्या बक्षीस समारंभात टक्केवारीशिवाय आणखी कशाची बक्षिसे आहेत? चार पालकांनी एकत्र विचारले तर शाळेला उत्तर शोधावेच लागेल.