इंजिन बंद झाल्यावर दिसणारा समुद्र

देवळाली प्रवरा या गावाच्या नावातच नदी आहे. ही प्रवरा सह्याद्रीत रतनगडाच्या परिसरात उगम पावते. तेथून अरबी समुद्र फारसा दूर नाही. तरीही नदी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेची वाट धरते, प्रवरासंगम येथे गोदावरीला मिळते आणि अखेर तिचे पाणी बंगालच्या उपसागरात पोहोचते. गावातील कुटुंबांना समुद्र पाहावयाचा असेल, तर मात्र त्यांना नदीच्या उलट दिशेने, पश्चिमेस जावे लागते.

सुट्ट्या लागल्या की राहुरी परिसरातील अनेक कुटुंबे कोकणात उतरतात. त्यांपैकी मालवण, तारकर्ली, देवबाग हा पट्टा विशेष आवडीचा. पुणे, कोल्हापूर व पुढे फोंडा घाट असा पाचशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करून मुले तेथे पोहोचतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : डॉल्फिन कधी दिसणार?

त्यासाठी सकाळची वेळ उत्तम. वारा पडलेला असतो, पाणी शांत असते आणि पाण्याबाहेर येणारी पाठ दुरूनही ओळखू येते. नवकारशी करणाऱ्यांना तर ही वेळ अधिकच सोयीची. समुद्रावरून परतल्यावर न्याहारी होते. देवबागला कर्ली नदी समुद्रास मिळते. जीवरक्षक जाकीट घालून मंडळी होडीत बसतात, खाडीचे मुख मागे पडते आणि सर्वांचे डोळे पाण्यावर खिळतात.

येथे दिसणारा डॉल्फिन मुख्यतः कुबड असलेला. त्याच्या पाठीवर उंचवटा असतो व त्यावर लहानसा पर. लांबी साधारण अडीच मीटर. खोल समुद्रात न जाता तो किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, खाड्यांच्या मुखाशी राहतो. म्हणूनच तासाभराच्या फेरीत त्याचे दर्शन घडू शकते. तो मासा नव्हे. आपल्याप्रमाणेच तो फुप्फुसांनी श्वास घेतो आणि मादी पिल्लाला दूध पाजते. गर्भधारणेचा काळ दहा ते बारा महिन्यांचा, एका वेळी एकच पिल्लू आणि दोन पिल्लांमध्ये सुमारे तीन वर्षांचे अंतर. अशा सावकाश वाढणाऱ्या कुळात एक जीव गेला तरी ती हानी भरून निघण्यास वर्षे लागतात. जागतिक पातळीवर या जातीची नोंद 'संकटग्रस्त' अशी झाली आहे.

पहिली पाठ दिसली की होडीत एकच गलका उडतो आणि पाठोपाठ मागणी येते, ''भाऊ, जरा अजून जवळ घ्या ना!'' खरा प्रश्न येथेच उभा राहतो. नाविकाचे पोट पर्यटकावर अवलंबून आहे. गिऱ्हाईक म्हणेल तसे तो करणार. एक होडी वेग घेते, तिचे पाहून दुसरी, मग तिसरी. गढूळ पाण्यात डॉल्फिनला डोळ्यांचा उपयोग थोडा. तो ध्वनी सोडतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून वाट, भक्ष्य व सोबती ओळखतो. तीन-चार इंजिनांच्या घरघरीत त्याचे हे ऐकणेच बुजून जाते. श्वासासाठी वर यावे तर डोक्यावर होडी. पिल्लू बरोबर असेल, तर आईची अवस्था कल्पनेनेच जाणावी.

कायद्याने या प्राण्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत बसवले आहे. त्याच अधिनियमात 'शिकार' या शब्दाचा अर्थ केवळ मारणे एवढाच नाही. प्राण्याला हाकलत नेणे व आमिष दाखवणे यांचाही त्यात समावेश होतो. कौतुकाने केलेला पाठलागही कुठे जाऊन पोहोचतो, हे यावरून ध्यानी यावे. २०१३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने देशात डॉल्फिनचे खेळ दाखवणारी केंद्रे उभारण्यास मनाई केली. त्यामुळे भारतीय मुलाला डॉल्फिन पाहावयाचा, तर त्याच्या घरी जाऊनच. आणि पाहुण्याने पाहुण्यासारखे वागावे हे ओघानेच आले.

याच पाण्यात कधीकधी देवमासेही येतात. २०१५ मध्ये सिंधुदुर्गच्या किनाऱ्यासमोर संशोधकांना निळा देवमासा व त्याचे पिल्लू दिसले. पृथ्वीवर आजवर झालेला हा सर्वांत मोठा प्राणी. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचे एक पिल्लू अडकले. ग्रामस्थ, वनखाते व तज्ज्ञ यांनी त्याच्यावर पाणी ओतत, भरतीची वाट पाहत अहोरात्र कष्ट घेतले आणि सुमारे चाळीस तासांनी त्याला समुद्रात सोडले. पुढे थोड्याच दिवसांत ते मृत आढळले. यश आले नाही. पण एका मुक्या जीवासाठी अनोळखी माणसे रात्रभर पाण्यात उभी राहिली, हे विसरता येणार नाही.

याच देवमाशांची तेलासाठी जगभर कत्तल होत असे. व्यापारी शिकारीवरील आंतरराष्ट्रीय बंदी १९८६ पासून अमलात आली. त्याच्या कितीतरी आधी, १९५५ मध्ये, अमेरिकेतील सॅन दिएगो येथे एका नाविकाने माणशी एक डॉलर घेऊन देवमासे दाखवण्यास आरंभ केला होता. जिवंत प्राणीही पोट भरू शकतो, हे त्या डॉलरने दाखवून दिले. मालवणच्या नाविकाचा हिशेबही तोच आहे. मुद्दल शाबूत राहिले तरच व्याज मिळते. डॉल्फिन त्रासून दूर गेले, तर होडीत कोण बसणार?

म्हणून पर्यटकाचा एक शब्द मोलाचा ठरतो. ऑस्ट्रेलियात डॉल्फिनपासून पन्नास व देवमाशापासून शंभर मीटर अंतर राखण्याचा दंडक आहे. आपल्याकडेही होडीत बसण्यापूर्वीच नाविकाला सांगता येते, ''काका, पाठलाग नको. दुरून दिसले तरी चालेल, आणि नाही दिसले तरी पैसे पूर्ण देऊ.'' एवढ्याने त्याच्यावरील दडपण उतरते. मग तो अंतर ठेवून इंजिन बंद करतो. होडी लाटांवर हलकेच डोलू लागते, मुले आपसूक गप्प होतात. थोड्या वेळाने जवळच कुठेतरी 'फुस्स' असा श्वास ऐकू येतो. पाठलाग करणाऱ्या होडीतील कोणालाही हा आवाज कधी ऐकू येत नाही.

डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांसाठी पाणी गाळून पिण्याची रीत ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली, त्यांना हा संयम नवा शिकवावा लागू नये. खाऊची रिकामी पाकिटे पिशवीत भरून परत आणणे हाही त्याचाच भाग. गावी परतल्यावरही तो सुटत नाही, कारण प्रवरेत टाकलेले प्लॅस्टिक पाण्याबरोबर वाहत अखेर समुद्राचाच रस्ता धरते.