तीन किलोच्या बाळाचा पेसमेकर

पेसमेकर म्हटलं की सत्तरीतले आजोबा डोळ्यांसमोर येतात. पण अंगावर बाळगता येणारा, बॅटरीवर चालणारा पेसमेकर तयार झाला तो मुलांसाठी. मिनेसोटा विद्यापीठात डॉ. वॉल्टन लिलेहाय मुलांच्या हृदयातली छिद्रं बुजवत. त्यात कधी ठोक्यांची वाट दुखावली जाई आणि मूल भिंतीतल्या विजेवरच्या यंत्राला जखडलं जाई. ३१ ऑक्टोबर १९५७ला मिनियापोलिसची वीज गेली. लिलेहाय यांनी रुग्णालयाची उपकरणं दुरुस्त करणाऱ्या अर्ल बाकेनना गाठलं. बाकेननी एका मासिकात छापलेलं मेट्रोनोमचं सर्किट उचललं आणि काही आठवड्यांत हातात मावणारं खोकं बनवलं.

तरी नवजात बाळ हे या यंत्राचं आजही सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक.

जन्मजात हार्ट ब्लॉक साधारण पंधरा-वीस हजार बाळांत एकाला होतो. बहुतेकदा आईच्या रक्तातली अँटी-रो प्रतिपिंडं वारेतून बाळात शिरतात आणि अठरा ते चोवीस आठवड्यांच्या सुमारास, ठोक्याचा संदेश वरून खाली पोचवणारी गाठ निकामी करतात. आई मात्र अनेकदा ठणठणीत. सोनोग्राफीत ‘ठोके कमी लागतायत’ एवढंच कानावर येतं. ऐन प्रसूतीत साठ ठोके बघून बाळ गुदमरतंय असं वाटतं आणि घाईत सिझेरियनही होतं. ईसीजीत मग उलगडा होतो: वरचे कप्पे मिनिटाला १४०, खालचे ५०, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

प्रत्येक बाळाला लगेच यंत्र लागत नाही. ठोके ५५च्या खाली गेले किंवा हृदय थकू लागलं, तर थांबता येत नाही; हृदयाच्या रचनेतच दोष असेल तर ७०लाच सावध व्हावं लागतं. आयसोप्रेनालिनचं ड्रिप असतं, पण ते वेळ मारून नेण्यापुरतं.

मोठ्या माणसात पेसमेकरची तार शिरेतून हृदयात जाते. बाळाची शीर तेवढी नसते. म्हणून छातीच्या हाडाखाली लहानसा छेद घेऊन डाव्या कप्प्याच्या टोकाजवळ बटणांसारखी दोन अग्रं थेट हृदयावर शिवतात, आणि बॅटरीची डबी पोटाच्या स्नायूखाली सरकवतात. खरी मेख तारेत आहे. बाळ वाढणार, तार नाही. म्हणून तिचं सैल वेटोळं आत सोडतात. ते भलत्या जागी पडलं, तर मूल वाढताना तीच तार हृदयाला आवळू शकते. असं क्वचितच घडतं, पण जिवावर बेतू शकतं. ‘यंत्र नीट चालतंय’ एवढ्यावर समाधान मानू नये, अधूनमधून एक्स-रे काढावा, तो यासाठी. बॅटरीही लवकर संपते, कारण आजोबांच्या साठ ठोक्यांच्या जागी इथे शंभर-सव्वाशे पुरवायचे असतात. मोठं होईपर्यंत डबी अनेकदा बदलावी लागते.

पूर्ण ब्लॉक औषधाने उलटत नाही. अँटी-रो प्रतिपिंडं असलेल्या आईच्या एका बाळाला ब्लॉक झाला असेल, तर पुढच्या बाळाला धोका सुमारे १८ टक्के. करोनात घरोघरी नाव पोचलेलं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन गरोदरपणात लवकर सुरू केल्यावर तो निम्म्याहून खाली आल्याचं २०२०च्या एका अभ्यासात दिसलं. म्हणून पहिल्या बाळाचा कागद आईच्या फायलीतही लागायला हवा.