जुन्या गाडीचे शॉकअप घरी उतरवताना

मुंबईतली नोंदणी असलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून निवृत्त झाली. तरी आपल्याकडे कुणाच्या अंगणात अब्बांनी हौसेने जपलेली पद्मिनी, तर कुणाकडे चाचांची अॅम्बेसेडर अजून उभी दिसते. घरातली तरुण मुले तिच्यावर हात चालवून बघतात. हुनर घरात यावा, असे आम्हालाही वाटते. पण तो जीव सांभाळून यावा.

खड्ड्याचा धक्का स्प्रिंग झेलते. त्यानंतर गाडी हिंदकळत राहू नये, हे काम शॉकअपचे. त्याच्या नळीत तेल असते. दट्ट्या बारीक छिद्रांतून ते तेल ढकलतो आणि उसळी तिथेच जिरते. शॉकअप मेला की चाक रस्त्यावर नीट टेकत नाही, ब्रेक लावूनही गाडी लांब जाऊन थांबते. गाडीचा कोपरा जोराने दाबून सोडा. ती एक-दोनदा हलून थांबली तर ठीक. डोलतच राहिली किंवा नळीवर तेल ओघळलेले दिसले, तर शॉकअप बदलायला आला आहे.

घरी हात घालावा तो फक्त मागच्या शॉकअपला. पद्मिनी, अॅम्बेसेडरला मागे पाटे असतात आणि शॉकअप त्यांच्यापासून वेगळा बसवलेला असतो. मारुती ८०० च्या पुढच्या चाकांचे तसे नाही. तिथे स्प्रिंग शॉकअपवरच दाबून बसवलेली असते. वरचा नट सोडला तर ती उसळून माणसाचा जीव घेऊ शकते. ते काम गॅरेजवाल्याकडेच द्यावे.

आदल्या रात्री गंजलेल्या नटांवर तारेचा ब्रश मारून गंज सोडवणारे तेल सोडावे. सकाळी गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करून हँडब्रेक ओढावा, पहिला गिअर टाकावा आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. चाकाचे नट थोडे ढिले करून मगच जॅक चढवावा. पुढची गोष्ट मुलांकडून पाठ करून घ्या: नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जायचे नाही. जॅक घसरतो. विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक वजनाखाली अचानक फुटतात. गाडीखाली लोखंडी स्टँडच हवेत. काढलेले चाकही चासीखाली आडवे सरकवून ठेवावे. लहान मुलांना दूर ठेवावे आणि मोठे कुणीतरी जवळ थांबावे.

एका वेळी एकाच बाजूचा शॉकअप काढावा, म्हणजे जोडणीचा नमुना दुसऱ्या बाजूला समोर असतो. रबरी बुश आणि वायसर कोणत्या क्रमाने निघाले, त्याचा मोबाइलवर फोटो घ्यावा. नटाबरोबर दांडाच फिरू लागला तर तो दुसऱ्या पान्याने धरावा. जुना शॉकअप तापवू नये, त्याला भोकही पाडू नये. आत दाबलेला वायू असू शकतो. सांडलेले तेल गटारात सोडू नये.

नवे शॉकअप जोडीनेच घ्यावेत. एक नवा आणि एक थकलेला असला, तर वळणावर गाडी एका अंगाला ओढते. तेलाचा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाचदा दाबावा व ओढावा, म्हणजे आतली हवा निघते. ज्या बोल्टवर बुश फिरतो, तो गाडी चाकांवर उतरवल्यावरच पक्का आवळावा; लटकत्या चाकावर आवळला तर रबर पिळलेले राहून लवकर फाटते. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावेत.

एखादा नट हटलाच नाही, तर गाडीखाली पडून हातोडी मारत बसू नका. सगळे जागच्या जागी लावून मेकॅनिकला बोलवा. त्याची मजुरी स्टँडच्या किमतीसारखीच समजावी. घरचा माणूस गाडीखालून धडधाकट बाहेर आला पाहिजे, त्यापुढे या खर्चाचे काय!