मोड आलेलीं कडधान्यें व गर्भाची मज्जासंस्था

सन १९२८ च्या सुमारास डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. कापडगिरण्यांतील गरोदर स्त्रियांना जडणाऱ्या एका घातक रक्तक्षयाचें कारण त्यांना शोधावयाचें होतें. (या गिरण्यांत आपल्या कोंकणांतून गेलेलीं कुटुंबें थोडीं नव्हतीं.) दोष अन्नांतील उणिवेचा आहे हें त्यांनीं ओळखलें, आणि यीस्टचा अर्क देतांच त्या स्त्रिया बऱ्या होऊं लागल्या. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य म्हणजेच फोलेट होय. १९४१ सालीं तें पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें.

मातेच्या रक्ताप्रमाणेंच बाळाच्या मज्जासंस्थेसहि या द्रव्याची गरज असते. गर्भ राहिल्यापासून सुमारें २८ दिवसांच्या आंत एक चपटी पट्टी वळून तिची नळी बनते; तीच पुढें मेंदू व मज्जारज्जु होते. नळी नीट मिटली नाहीं तर पाठीच्या कण्यांत फट राहून मूल पायांनीं अधू होऊं शकतें. इतक्या लवकर कित्येकदां मातेलाहि दिवस गेल्याची जाणीव नसते! म्हणून तयारी आधींपासूनच हवी. असें मूल पूर्वीं झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वींपासून फोलिक आम्ल दिल्यास सुमारें पाऊणपट धोका टळतो, असें १९९१ सालीं सिद्ध झालें. सर्वसाधारण स्त्रीस रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुचविली जाते; उसळ ही त्या गोळीची जोड आहे, बदली नव्हे.

मूग, मटकी, कुळीथ भिजवून फडक्यांत बांधले म्हणजे मोड फुटतांना त्यांतील फोलेट वाढतें, आणि लोह अडवून धरणारें फायटिक आम्ल कमी होतें. फोलेट पाण्यांत उतरतें. तेव्हां शिजवलेलें पाणी फेकूं नये, त्याचें कळण करावें. गरोदरपणीं कच्चे मोड मात्र टाळावे, कारण त्यांत रोगजंतु वाढतात.

परंतु कितीहि मोड आणले तरी कडधान्यांत ब-१२ जीवनसत्त्व येत नाहीं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास चालविला. गरोदरपणीं ज्यांच्या रक्तांत ब-१२ फार कमी होतें, त्यांचीं मुलें नवव्या वर्षीं एकाग्रतेच्या व स्मरणाच्या चाचण्यांत मागें पडलेलीं आढळलीं. किनाऱ्यालगतच्या घरांत कुळथाच्या उसळीशेजारीं तिसऱ्या वा बांगडा असला म्हणजे दोन्ही द्रव्यें एकाच ताटांत येतात. शाकाहारी घरांत दूध-दह्याचा आधार, आणि तेंहि पुरेसें नसल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानें ब-१२ ची गोळी घ्यावी लागते.