पिकअप घेताना हिशेब टनाचा करा

पिकअप घ्यायला निघालेला माणूस फलटणमध्ये पहिला प्रश्न विचारतो तो म्हणजे, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ प्रश्न रास्त आहे, पण अपुरा. लिटरमागे किती किलोमीटर पडणार, हे गाडीइतकंच तिच्यावरचा माल, रस्ता आणि वेग ठरवतात.

डाळिंबाचे कॅरेट भरून गाडी लोणंद-जेजुरीमार्गे पुण्याच्या मार्केट यार्डाकडे निघाली आहे आणि मालासह तिचं वजन 3 टन आहे, असं समजा. इंजिनाला तीन गोष्टींशी झुंजावं लागतं: टायरचा रोध, हवेचा रोध आणि चढ. टायरचा रोध वजनाच्या प्रमाणात वाढतो. हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो आणि रबर सतत वाकण्यात डिझेल वाया जातं. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 60 किलोमीटरवरून 80 वर गेलं, की तो जवळजवळ पावणेदोन पट होतो. केबिनच्या वर थर रचले, तर त्यात आणखी भर पडते.

चढाचा हिशेब तर कागदावर करता येतो. 3 टन वजन 100 मीटर उंच न्यायला सुमारे 30 लाख ज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये साडेतीन कोटी ज्यूलहून थोडी जास्त ऊर्जा असते, पण चाकांपर्यंत पोचते ती फार तर तिचा तिसरा हिस्सा. बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे दर 100 मीटर चढाला केवळ उंची गाठण्यासाठी पाव लिटर डिझेल जातं. कंपनीने छापलेला आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरलेल्या पद्धतीने मोजलेला असतो. तिथे आदर्कीचा घाट नसतो आणि जादा भरलेला मालही नसतो.

म्हणून हिशेब टनाचा करावा. समजा, छोटी गाडी 750 किलो माल घेऊन लिटरला 18 किलोमीटर जाते आणि मोठी पिकअप दीड टन घेऊन 12. दीड टन माल 100 किलोमीटर न्यायला छोटीला दोन खेपांत 11 लिटर लागतात, मोठीला एका खेपेत सव्वाआठ. छोटीचा मधला रिकामा फेरा वेगळाच. पण रोजचा माल 500 किलोच असेल, तर हेच गणित उलटतं. मोठ्या गाडीचं स्वतःचं वजन रोज विनाकारण ओढावं लागतं.

भरवशाचा प्रश्नही मार्गाशीच जोडलेला आहे. एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाले आणि डिझेल पिकअपच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, आला. साठलेली काजळी जाळायला धूर चांगलाच तापावा लागतो. लांब पल्ल्याला ते आपोआप होतं. गावोगाव थांबत दुधाचे कॅन गोळा करणाऱ्या गाडीत इंजिन पुरेसं तापत नाही, फिल्टर तुंबतो आणि गाडी गॅरेजला लागते.

अशा छोट्या, थांबत्या फेऱ्यांना विजेची गाडी शास्त्रीयदृष्ट्या योग्य. थांबलेली मोटर ऊर्जा खात नाही, ब्रेक लावताना थोडी ऊर्जा बॅटरीत परत येते आणि फेरी संपली की चार्जिंगला वेळ मिळतो. फलटणला ही वाट नवी नाही. इथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी विजेवरच्या रिक्षेचं काम नव्वदच्या दशकातच हाती घेतलं होतं.

तेव्हा शोरूमची पायरी चढण्याआधी आठवडाभराच्या खेपा वहीत मांडा: माल किती, अंतर किती, चढ किती, थांबे किती. पुण्याच्या बाजाराला दीड टन माल नेणाऱ्याने डिझेल पिकअप घ्यावी. गावातल्या गावात दूध फिरवणाऱ्याने विजेची गाडी आधी तपासावी. आणि कुठलीही घेतली, तरी टायरमधली हवा दर आठवड्याला बघा, डिझेल गाडी असेल तर एअर फिल्टरमधली धूळ वेळेवर काढा आणि परवान्यापेक्षा जास्त माल भरू नका. या सवयींनी डिझेल किंवा वीजही वाचते आणि गाडीही टिकते.