ठिबकच्या जुन्या नळ्या आणि पेरॉक्साइडची प्रक्रिया

परभणी जिल्ह्यात मोसंबी, हळद व कपाशीला ठिबक सिंचन आल्यापासून बांधावर तडे गेलेल्या काळ्या उपनळ्यांची रास दिसू लागली आहे. भंगारात देताना "यांच्याच पुन्हा नव्या नळ्या होतात का?" असे शेतकरी बांधव विचारतात.

उपनळी पॉलिएथिलीनची असते. हे प्लास्टिक म्हणजे कार्बनच्या हजारो कड्यांच्या लांब साखळ्या होत. ऊन व हवेतील प्राणवायू यांमुळे नळीतच पेरॉक्साइडसारखे पदार्थ तयार होतात, साखळ्या तुटतात व नळी ठिसूळ होते. म्हणूनच तीत साधारण २ ते ३ टक्के काजळी मिसळलेली असते. ती ऊन अडवते.

कारखान्यात मात्र पेरॉक्साइडच साखळ्या जोडण्यासाठी वापरले जाते. सोऱ्यातून शेव दाबावी तसे वितळलेले प्लास्टिक एक्स्ट्रूडर यंत्रातील फिरता स्क्रू पुढे ढकलतो. तेथील सुमारे २०० अंश सेल्सिअस उष्णतेत पेरॉक्साइड फुटते, साखळीवरील हायड्रोजन ओढून घेते आणि मोकळ्या झालेल्या दोन साखळ्या एकमेकींना जुळतात. वितळलेला माल दाट होतो व ताण सोसतो. १०० किलो दाण्यांना काही ग्रॅम ते काही दहा ग्रॅम एवढेच पेरॉक्साइड पुरते. जास्त झाले की पिठल्यात व्हाव्यात तशा गुठळ्या होतात. पातळ उपनळी किंवा २५ मायक्रॉनचे आच्छादन नेमके तेथेच फाटते. फारच जुळणी झाली तर प्लास्टिक पुन्हा वितळत नाही. गरम पाण्याच्या काही नळ्या व विजेच्या केबलचे आवरण मुद्दाम तसे करतात.

खताची विणलेली गोणी पॉलिप्रॉपिलीनची असते. तिच्यावर पेरॉक्साइडचा परिणाम उलटा होतो, साखळ्या तुटतात! त्यामुळे गोण्या व नळ्या एकाच ढिगात देऊ नयेत. नळ्या धुऊन, माती काढून वेगळ्या द्याव्यात.

प्रक्रियेने तुटलेल्या साखळ्या काही अंशी जुळतात, पण खर्ची पडलेले ऊनरोधक परत येत नाही आणि आत रुतलेली मातीही जात नाही. अशा मालाच्या जाड कुंड्या चालतील, उपनळी नको. स्वस्तात मिळणारी बिनखुणेची नळी आतून कशाची आहे हे डोळ्यांना दिसत नाही. नवी साधी उपनळी घेताना आय. एस. १२७८६ आणि आत ड्रिपर बसवलेली असल्यास आय. एस. १३४८८ ही खूण पाहावी.

नळीतील शेवाळ काढण्यास वापरतात ते हायड्रोजन पेरॉक्साइड वेगळे. कारखान्यातील पेरॉक्साइड उष्णतेने पेट घेऊ शकते; ते घरी आणून नळ्या जोडण्याचा प्रयोग करू नये.